एका दातासाठी आठ दात कशाला?

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते, वय २७. घरीच शिवणकाम करते, ब्लाउज आणि ड्रेस. सहावीत असताना जांभ्याच्या पायरीवर पडले आणि वरच्या पुढच्या दोन दातांपैकी उजव्याचा कोपरा उडाला. कॉलेजला असताना कणकवलीत तो बाँडिंगने भरून घेतला होता, पण वर्षाच्या आत तुकडा निघाला. मग तसाच ठेवला. आता तो दात शेजारच्यापेक्षा थोडा काळपट दिसतो. दोन्ही दातांच्या मध्ये लहानपणापासून थोडी फट पण आहे. आई म्हणते, फटीचे दात नशिबाचे.

माझं लग्न ठरत आलंय. बघायला आले तेव्हा निघताना मुलाच्या मामी आईला म्हणाल्या, "चेडवाच्या दाताचा तेवढा बघा." मला ते फार लागलं. साखरपुडा मार्गशीर्षात आहे. कणकवलीचे डॉक्टर म्हणतात, दोन दातांना बाँडिंग करू, एका दाताचे अडीच हजार. डोंबिवलीच्या आत्याने मला तिकडच्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथे 'स्माइल डिझायनिंग' सांगितलं: वरच्या आठ दातांना व्हेनीअर (दातावर पुढून चिकटवायची पातळ चकती), एकाचे बारा हजार, दोन खेपांत काम पूर्ण. आत्या म्हणते, पैसे मी आहेर म्हणून देते. काय करू? बाँडिंग परत पडलं तर? दुखतं का? फट बुजवू का? आणि सासरी हे आधी सांगायचं का?

उत्तर:

तुला एकेरीच लिहिते, माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

आठ व्हेनीअर करू नकोस. बाँडिंग कर, पण तेही लगेच नको. आधी त्या काळपट दाताचा एक्स-रे काढ. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस, 'थोडा काळपट दिसतो' हे. त्याबद्दल दोन्हीकडच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते पत्रात नाही. सांगितलंच नसेल तर आपण होऊन विचार.

लहानपणी दाताला मार बसला की कोपरा उडतो तेवढंच आपल्याला दिसतं. आत दाताची नस असते, तिला मुळाच्या टोकातून रक्त मिळतं, आणि पडताना तिथेच हिसका बसलेला असू शकतो. अशी नस कधीकधी काही न दुखता, वर्षानुवर्षांनी मरते आणि दात आतून राखाडी होत जातो. दुसरा एक प्रकारही असतो. नस जिवंत राहते, पण आतली पोकळी हळूहळू कठीण होऊन बुजते. तेव्हा दात राखाडी न होता पिवळट होतो, आणि बहुतेक वेळा त्यावर लक्ष ठेवण्यापलीकडे काही करावं लागत नाही. तेव्हा दिवसाउजेडी खिडकीपाशी आरसा घेऊन बघ, तुझा दात राखाडीकडे झुकतोय की पिवळ्याकडे. पण निकाल मात्र आरशाने लावायचा नाही. छोटा एक्स-रे आणि दाताला गार लावून बघायची साधी तपासणी, एवढ्यावर डॉक्टरांना पुष्कळ कळतं. मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली, तर आधी रूट कॅनल, म्हणजे आतली मेलेली नस काढून पोकळी भरणं. पुढच्या दाताला एकच मूळ असतं, त्यामुळे दाढेच्या मानाने ते काम सोपं. त्यानंतर दाताच्या आत ब्लीचचं औषध ठेवून दात आतूनच उजळवता येतो. आठवडाभराने औषध बदलायचं, असं दोनतीन वेळा करावं लागतं. हे सगळं सोडून काळ्या दातावर नुसता पातळ थर चढवला, तर बाँडिंगच्या मालातून तो काळपटपणा डोकावतोच, कारण तो माल खऱ्या दातासारखा थोडा पारदर्शक असतो. आणि मुळाशी पू होत असेल तर वरून केलेलं सुंदर काम पुन्हा फोडावं लागतं ते वेगळंच.

आता बाँडिंग म्हणजे नेमकं काय, ते सांगते, म्हणजे खुर्चीत बसल्यावर घाबरणार नाहीस. १९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिलं की दाताच्या वरच्या कठीण कवचाला, म्हणजे इनॅमलला, फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावलं तर त्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खळगे पडतात आणि प्लास्टिकसारखा माल त्यात घट्ट धरून बसतो. कल्पना त्याला कारखान्यांतून मिळाली होती. पत्र्यावर रंग नीट धरावा म्हणून तिथे हेच आम्ल वापरत. पुढे राफेल बोवेन यांनी काचेची पूड घातलेलं रेझिन तयार केलं, त्याचं पेटंट १९६२चं. आज दवाखान्यात 'कॉम्पोझिट' म्हणतात ते त्याच घराण्यातलं. डॉक्टर तुझ्या दातावर साधारण ३७ टक्क्यांची आम्लाची जेल पंधरा ते तीस सेकंद लावतील, धुऊन वाळवतील. तेवढा भाग खडूसारखा पांढरा दिसेल. मग चिकटवणारा पातळ द्रव, मग कॉम्पोझिटचे थर. प्रत्येक थर साधारण दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरायचा, की तो काही सेकंदांत कडक होतो. शेवटी घासून आकार आणि चकाकी. एका दाताला अर्धा ते एक तास. दुखत नाही, बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही, कारण कवचाला संवेदना नसते. फार तर तोंड उघडं ठेवून जबडा अवघडेल.

यात दोन गोष्टी अशा आहेत की त्यावर सगळं काम तरतं किंवा बुडतं, आणि दोन्ही तुला खुर्चीत बसल्या बसल्या बघता येतात. पहिली, रंग. रंग अगदी सुरुवातीला, दात ओला असताना निवडायचा. दात उघडा राहून वाळला की तात्पुरता पांढुरका दिसतो, तेव्हा रंग जुळवला तर दुसऱ्या दिवशी तुकडा वेगळा उठून दिसतो. त्या दिवशी लिपस्टिक लावू नकोस, आणि जमलं तर सकाळची वेळ घे. दुसरी, थुंकी. आम्ल लावून तयार केलेल्या दाताला थुंकी लागली की पकड गेली. म्हणून रबरी पडदा लावून दात वेगळा करतात, निदान कापसाच्या गुंडाळ्या आणि थुंकी ओढणारी नळी तरी हवीच. "डॉक्टर, रबर डॅम लावता का?" असं सरळ विचार. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मग मागचा तुकडा का पडला? कारणं अनेक असू शकतात, पण माझा पहिला संशय तुझ्या धंद्यावर आहे. दोरा दाताने तोडतेस ना? टाचण्या ओठांत-दातांत धरतेस? शिवणकाम करणाऱ्यांच्या पुढच्या दातांच्या कडेला बारीक खाच पडलेली असते, ती बघून मी माणसाचा व्यवसाय ओळखते. दोरा नेमका पुढच्या दातांच्या कडेवर तोडला जातो, आणि तुझा भरलेला कोपराही तिथेच होता. कॉम्पोझिट दाबाला चांगलं टिकतं, पण कोपऱ्यावर बसणाऱ्या झटक्यांपुढे टिकत नाही. छोटी कात्री दोरीला बांधून गळ्यात घाल, आजपासूनच, काम व्हायच्या आधीपासून. सवय मोडायला वेळ लागतो. नखं कुरतडणं, कुर्लीच्या नांग्या पुढच्या दातांनी फोडणं, सुपारी, कैरीची फोड कचकन तोडणं, हेही त्याच वहीत लिही. कुर्ल्या खाऊ नकोस असं मी म्हणत नाही, आणि म्हटलं तरी देवगडात कोण ऐकणार! नांग्या खलबत्त्याने फोड, कैरी सुरीने काप. बाकी डॉक्टरांना दाखवून घे की खालचा जबडा पुढे सरकवल्यावर खालचे दात त्या कोपऱ्यावर आपटतात का. तसं असेल तर आकार थोडा बदलावा लागतो. हे न बघता भरलेला कोपरा पुन्हा उडणारच.

टिकण्याचं म्हणशील, तर असं काम साधारण पाच ते सात वर्षं जातं. कुणाचं तीन वर्षांत बदलावं लागतं, कुणाचं दहा वर्षं राहतं. पण बाँडिंग तुटलं म्हणजे दात गेला असं नाही. त्याच जागी पुन्हा लावता येतं, तासाभराचं काम.

व्हेनीअरचं तसं नाही. चिनी मातीसारख्या पदार्थाची पातळ चकती दातावर पुढून चिकटवतात, आणि ती बसावी म्हणून बहुतेक वेळा दाताचं कवच साधारण अर्धा मिलिमीटर घासून काढतात. दात बाहेर आल्यावर कवच तयार करणाऱ्या पेशीच उरत नाहीत, म्हणून घासलेलं कवच शरीर कधीच भरून देत नाही. व्हेनीअर चांगलं असलं तर दहा ते पंधरा वर्षं टिकतं, त्यावर डागही कमी पडतात, दिसतंही छान. सगळे दात गर्द डागाळलेले असतील, कवच मुळातच कच्चं असेल, तर मी स्वतः त्या वाटेने पाठवीन. पण तू आज २७ची. चाळिशीला आठही बदलायची वेळ येईल, तेव्हा पुन्हा खर्च. त्या आठांतले सहा दात तर तुझ्या पत्रात कुठेच नाहीत, त्यांनी कुणाचं काय केलंय? तुझ्याच भाषेत सांगायचं तर बाँडिंग म्हणजे रफू आहे, मनासारखं झालं नाही तर उसवून पुन्हा घालता येतं. व्हेनीअरला आधी कापड कापावं लागतं. 'दोन खेपांत पूर्ण' हे ऐकायला बरं वाटतं, पण पहिल्याच खेपेला दात घासले जातात आणि तिथून मागे फिरता येत नाही, हे त्याच वाक्यात सांगायला हवं होतं.

फटीचं मी हो किंवा नाही असं सांगणार नाही. लहानपणापासून आहे आणि वाढत नाही म्हणजे चिंतेचं कारण नाही. मोठेपणी नव्याने फट पडली असती तर आधी हिरड्यांचा आजार तपासायला सांगितलं असतं. एक-दीड मिलिमीटरची फट दोन्ही दातांच्या कडांना थोडं थोडं कॉम्पोझिट लावून छान मिटते. त्याहून मोठी असेल तर दोन्ही दात रुंद, फावड्यासारखे दिसायला लागतात, मग तारा किंवा अलायनर (प्लास्टिकचे पारदर्शक साचे) लावून दातच जवळ आणणं बरं. वरचा ओठ हिरडीला जोडणारी शीर खाली उतरून दोन दातांच्या मध्ये शिरलीय का, तेही बघावं लागतं. पण तुला मनातून फट मिटवायचीय का, हे मामींना किंवा आत्याला विचारून कळणार नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. डॉक्टरांना सांग, आम्ल न लावता नुसतं कॉम्पोझिट ठेवून दाखवा. पाच-दहा मिनिटांचं काम. आरशात बघ, हसून बघ, बोलून बघ, मोबाईलवर फोटो काढ, मग ते नखाएवढ्या हत्याराने सहज निघतं. फोटो घरी आणून दोन दिवस ठेव. आवडला तर कर. आईच्या नशिबाच्या म्हणण्याला शास्त्रात आधार नाही, पण तुझ्या चेहऱ्याला ती फट शोभतेय असं तुलाच वाटलं तर ठेव की. फट मिटवलीस तर तिथे रोज फ्लॉस फिरवावा लागेल एवढं लक्षात ठेव, कारण आज ब्रश जातो तिथे उद्या जाणार नाही.

गोरे दात हवे असतील तर क्रम चुकवू नकोस. आधी दात साफ करून घे, मग ब्लीच, मग निदान दोन आठवडे थांब, आणि नंतर बाँडिंग. कॉम्पोझिटचा रंग ब्लीचने बदलत नाही, म्हणून बाँडिंग आधी केलंस आणि मागाहून बाकीचे दात उजळले, तर तुकडा तेवढा पिवळा राहील. आणि ब्लीचनंतर लगेच बाँडिंग केलं तर दातात अडकलेला ऑक्सिजन पकड कमजोर करतो. रंग निवडताना झेरॉक्सच्या कागदासारखा पांढरा मागू नकोस. खरा दात कडेला थोडा निळसर-पारदर्शक आणि हिरडीकडे जरा पिवळसर असतो, तो तसाच चांगला दिसतो.

नंतर जपायचं काय? चहा, हळद, कोकम या सगळ्यांनी कॉम्पोझिट हळूहळू रंग धरतं, विशेषतः कडेला. पहिले दोन दिवस चहा आणि तिखट-हळदीचं सांबारं जरा आवरतं घे, कारण निळ्या प्रकाशानंतरही माल पुढे दिवसभर थोडा थोडा पक्का होत असतो. त्यानंतर सोलकढी खुशाल पी. फक्त कोकम, कैरी, चिंच असं आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, आंबटाने कवच तात्पुरतं मऊ पडतं. पाण्याने खळखळून चूळ भर आणि अर्ध्या तासाने ब्रश कर. लिंबू-सोडा, कोळशाची पावडर यांनी दात गोरे होत नाहीत, ओरखडे पडतात आणि त्यात डाग भरतात. आणि विचारावंसं वाटत नाही तरी विचारते: मशेरी लावतेस का? आपल्याकडे आजीच्या डबीतून नातीपर्यंत ती कधी पोचते कळत नाही. लावत असशील तर बाँडिंगवरचे पैसे फुकट, आणि दातांपेक्षा मोठा धोका तोंडाला. ती भाजलेली तंबाखूच आहे, दुसरं काही नाही. नसशील तर हे वाक्य सोडून दे. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पॉलिश करून घेतलंस की चकाकी परत येते.

कुणाकडे करायचं? कणकवलीच्या डॉक्टरांचा सल्ला मला वाजवी वाटतो. त्यांना त्यांनी स्वतः केलेल्या पुढच्या दातांच्या कामाचे फोटो दाखवायला सांग, कालचे नकोत, दोनचार वर्षांपूर्वीचे. बीडीएस डॉक्टर हे काम करू शकतात. रूट कॅनल करून दात आतून उजळवायचा असेल, तर त्याच विषयात एमडीएस केलेले डॉक्टर मिळाले तर उत्तम. खर्चाची अडचण किंवा दुसरं मत हवं असेल तर डेंटल कॉलेजची वाट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे, कणकवलीहून कोकण रेल्वेने खेड गाठता येतं. खाली गोव्यात बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज आहे. तिथे वेळ जास्त लागतो, विद्यार्थी काम करतात, पण शिक्षक पाठीशी उभे असतात. आठवडी बाजारात चादर पसरून तासाभरात दात बसवून देणारे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. डॉक्टरची राज्य डेंटल कौन्सिलकडे नोंदणी हवी, हा कायदा आहे.

वेळेचं गणित असं: गणपती झाले की लगेच एक्स-रे. रूट कॅनल लागलं, आतून उजळवावं लागलं, मग दोन आठवडे थांबायचं, असं धरून दोन-अडीच महिने जातील, म्हणजे मार्गशीर्ष गाठता येईल. काहीच लागलं नाही तर दसऱ्यापर्यंत मोकळी होशील. मात्र साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात काम ठेवू नकोस. रंगात किंवा आकारात थोडी दुरुस्ती लागते, तिला वेळ हवा. आणि तब्येतीच्या कारणाने उशीर झालाच तर काळपट दात घेऊन साखरपुडा होतो, त्याने काही बिघडत नाही.

सासरी सांगायचं का? हा आजार नाही, लपवण्यासारखं नाही आणि जाहीर करण्यासारखंही नाही. मुलाला तू स्वतः सांग, फोनवर, सहज: लहानपणी पडले होते, दाताचं काम करून घेतेय. त्याची प्रतिक्रिया काय येते ते नीट ऐक, ते तुला दातापेक्षा जास्त उपयोगी पडेल. मामींना सांगायची गरज नाही. पाहुणी म्हणून आलेल्या घरातून निघताना उंबऱ्यावर मुलीच्या दातावर बोट ठेवणं हे मला पटलेलं नाही, आणि तुला लागलं यात तुझं काही चुकलं नाही. पण तू आधीच कॉलेजला असताना स्वतःहून हा दात भरून घेतला होतास. म्हणजे इच्छा तुझी होती, मामी मागाहून आल्या. तेव्हा आता करतेयस ते त्यांच्यासाठी, असं मनात धरून बसू नकोस.

आत्याला दुखवायचं नसेल तर नाही म्हणू नकोस, आहेर बदलून माग. शहाण्णव हजारांतून दाताचे पाच हजार काढलेस, अगदी रूट कॅनल आणि ब्लीच धरलंस, तरी पिको-फॉलचं आणि ओव्हरलॉकचं मशीन घेऊन वर पैसे उरतील. सासरी गेल्यावर तिथे गिऱ्हाईक जमवताना ती मशीनं कामाला येतील. आत्या डोंबिवलीची आहे, ब्लाउजच्या शिलाईचा भाव तिला ठाऊक असेलच, तिला हिशेब पटेल. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा जुन्या कामाची चिठ्ठी किंवा एक्स-रे घरात कुठे असेल तर बरोबर ने, पडलीस ते वर्ष सांग, आणि दोरा दाताने तोडतेस हे विचारलं नाही तरी सांग.